भिंतीवरचं डुक्कर

नवा तांदूळ घरात आला की मला राग येतो. इतरांना भूक लागते, मला राग येतो. कणगी भरते, अंगणात पेंढा रचला जातो, बायका उखळाशी बसून कण्या पाखडतात. त्या कण्या लग्नाच्या भिंतीसाठी भिजत घातल्या की दुसऱ्या दिवशी जो आंबूस-गोड वास सुटतो, तो नाकात शिरला रे शिरला की माझे दात आपोआप ओठावर जातात. माझे यजमान म्हणतात, "माघ आयला, मथीकडं फिरकू नका." थट्टाच ती, पण त्या दिवसांत तेही माझ्या वाटेला जात नाहीत.

यंदा तर घरातच लग्न आहे. माझ्या भावाची मुलगी चंदी नवरी होणार. काल वहिनीने कण्या भिजत घातल्या, आज सकाळी फडकं बाजूला करून वास घेतला आणि मला म्हणाली, "उद्या वाटायला घेऊ." बस, एवढंच. पण मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघींना कळलं की आम्ही चंदीच्या लग्नाचा विचार करत नाही आहोत.

आमचा पाडा बाळकुम आणि कोलशेतच्या मधे. एका अंगाला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला येऊरचा डोंगर. पावसाळाभर भात, भात झोडलं की मीठ. बाई असो की बाप्या, आमच्याकडे कोणाचे तळपाय मऊ नाहीत. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त एक चिंच. यजमान मिठाच्या नाक्यावर शिपाई आहेत. त्यांना लिहिता-वाचता येतं, आणि लग्न झाल्यावर मिठाच्या ढिगावर बोटाने गिरवून त्यांनी मलाही मुळाक्षरं शिकवली. बोटाला चीर असली की मीठ झोंबायचं. झोंबलेलं विसरत नाही, त्यामुळे माझी अक्षरं पक्की आहेत. तसंच दुसरंही पुष्कळ पक्कं आहे.

आमच्यात लग्नघरी आतल्या भिंतीवर चौक काढतात. शेण आणि गेरूने भिंत लाल लिंपायची, त्यावर वाटलेल्या तांदळाच्या पाण्याने, टोक चघळून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढायचं. मधे देवीचा चौक. चौकाच्या भोवताली शिकार. चौक आमचा, पण शिकार डोंगरावरच्या वारलिणींची. त्या सरपणाच्या मोळ्या घेऊन खाली यायच्या, ताक पिऊन जायच्या, आणि जाता जाता आमच्या आज्यांना दोन-चार जनावरं शिकवून जायच्या. अशी पिढ्यांनी ती भिंत भरली. दोन तिकोनं टोकाला टोक लावून माणूस. आडवं तिकोन, चार काड्या, वर दोन वाकड्या काड्या, की हरीण. मोर, ससा, वानर, खाली कोपऱ्यात खेकडा, आणि कुणाला वेळ असला तर मुंग्यांची रांग. शिकारी धनुष्य ताणून उभा, त्याच्यापुढे जनावर पळतंय, जनावराच्या मागे हाका घालणारी माणसं ढोल बडवतायत.

लहानपणी मला वाटायचं, वाटेल ते काढावं. तसं नाही. तीन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, लग्नाच्या भिंतीवर मेलेलं काही काढायचं नाही. बाण सुटलेला चालतो, लागलेला चालत नाही. आमच्या भिंतींवर पिढ्यान् पिढ्या शिकार चालू आहे आणि आजवर एक ससासुद्धा मेलेला नाही. दोन, शिकार काढायची तर जनावर काढायचंच. जनावराशिवाय शिकारी काढला तर त्याचं हत्यार घरावर फिरतं म्हणतात. तीन, पांढऱ्याला हात लावायचा तो सवाशिणींनी, आणि त्याही गावच्या पाच घरांतल्या, एका घरातून एक. त्यातलं एक घर आमचं. ज्याच्या घरी लग्न असेल त्याला ती पाच घरं आवडोत न आवडोत, बोलवावीच लागतात. विधवेने भिंत लाल लिंपावी, कण्या वाटून द्याव्या, पण पांढऱ्यात बोट बुडवू नये. आणि एकदा का चौकापुढे दिवा लागला की कोणी काही पुसायचं नाही आणि कोणी काही घालायचं नाही. पुढच्या लग्नापर्यंत भिंत आहे तशी राहते. पुसली तर नव्या जोडप्याला बाधतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढे मी जे केलं ते ह्याच नियमांत राहून केलं, आणि ह्याच नियमांमुळे तोंडावर आपटले.

पाच घरांत हात म्हणाल तर एकच, माझ्या वहिनीचा. मी आपली कामचलाऊ. माझं हरीण बघून लोक विचारत, "बकरी कं?" वहिनी भिंतीशी बसली की काडी उचलायच्या आधी थोडा वेळ नुसती बघत राहायची, आणि मग तीन फटकाऱ्यांत डुक्कर. पाठ, पोट, सुळा. मानेवरचे राठ केस सगळ्यात शेवटी, भरभर, श्वास रोखून. ते केस उमटले की डुक्कर बघणाऱ्याच्या अंगावर यायचं.

दादूस, म्हणजे माझा थोरला भाऊ धर्मा, तिच्या मागे उकिडवा बसून तिला सतवायचा. "यो डुक्कर माज्या सासऱ्यावं जेलाय." ती काडी उगारायची. "नाय गो, नाय. पाय मात्र तुजं हायेत." मग ती त्याच्या नाकावर पांढरा ठिपका ठेवायची आणि तो तसाच ठिपका घेऊन गावभर हिंडायचा. एवढा धिप्पाड माणूस, ढोल गळ्यात अडकवला की डोंगर हलवणारा, आणि नाकावर बायकोने लावलेला ठिपका. मला तो असाच आठवतो. दुसऱ्या तऱ्हेने आठवायचं मी टाळते, पण ते टळत नाही.

भात कापून झालं की डोंगरातली डुकरं खाली उतरतात आणि वालाची शेतं उकरतात. म्हणून दरवर्षी गावचा हाका निघायचा. परवान्याची बंदूक एकट्या पाटलाकडे. ठासणीची, लांब नळीची. पाटील खिंडीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि आठ माणसं रांग धरून, ढोल आणि डबे वाजवत, रान ढवळत जनावर त्याच्याकडे आणायची. हाक्यात रांग म्हणजे सगळं काही. बंदूकवाल्याला माहीत असतं की माणसं कुठे आहेत, आणि माणसांना माहीत असतं की तो तिकडे बार काढणार नाही. रांग सोडून पळणारा स्वतः तर मरतोच, शिवाय शेजारच्यालाही मारतो. त्यामुळे 'रांग सोडली' ही आमच्याकडे शिवी आहे. ती बापाला लागली की पोरांना लागते. रांग सोडणाऱ्याच्या घरात कोणी मुलगी देत नाही आणि त्याच्या घरची मुलगी कोणी करत नाही.

त्या वर्षी हाक्याहून सातच जण चालत आले. आठव्याला त्यांनी घोंगडीत घालून आणला.

पाटील पुढे होता. अंगणात उभा राहून म्हणाला, "रांग सोडून पलाला. डुकराच्या पुढ्यान जेला. डुकरानं फारला. मी काय करनार?" ठाण्याहून फौजदार आला, त्याने पाटलाच्या ओटीवर बसून चहा घेतला, पंचांचे अंगठे घेतले, आणि पाटील बोलला ते कागदावर उतरवून गेला. वहिनीने मात्र रक्त पुसलं होतं. तिने मला आत ओढलं, घोंगडी बाजूला केली. दादूसच्या छातीत वाटाण्याएवढं भोक होतं. "मथे," ती म्हणाली, "मी डुकराचा सुला कितीदा काढलाय. सुला असा घुसंल? सुला उभा फारतो." चंदी तेव्हा पाळण्यात होती.

सातांपैकी कान्हा दादूसच्या अगदी शेजारी असायचा, हाताच्या अंतरावर. चार दिवसांनी तो मला विहिरीवर भेटला. मी विचारायच्या आधीच तो बोलला, जमिनीकडे बघत. "रांगेन व्हता. माज्या बाजूलाच व्हता. डुक्कर त कवाच खालच्या अंगाला निसटला व्हता. पाटलाला पान हललेलं दिसलं, त्यानं बार काढला." मी म्हटलं, "मंग फौजदाराला कनाला नाय सांगितलंस?" तो म्हणाला, "मी पाटलाची जमीन कसतंय, मथे. आमी सातही जन." घागर भरायला आलेल्या बाया लांबून बघत होत्या. त्याने पोहरा उचलला आणि गेला. मी त्याच्या पाठीवर थुंकले असते, पण विहीर होती.

मग सुरू झालं ते. वहिनी पाणवठ्यावर गेली की कुजबुज. चंदीला कोणी उचललं तर कोणीतरी म्हणायचंच, "रांग सोरनाऱ्याची पोर." पोर दुधाचे दात घेऊन हसतेय आणि तिचं लग्न मोडून झालंय! माणूस गेला ते गेलंच. पण गेलेल्या माणसाला भित्रा ठरवून, त्याच्या मढ्यावर पाय देऊन हा पाटील उजळ माथ्याने फिरतोय, हे मला गिळवत नव्हतं. दादूस परत यायचा नव्हता, पण तो रांगेत होता एवढं चारचौघांत कोणीतरी म्हणायला हवं होतं. आणि ते म्हणताना पाटलाचं तोंड मला बघायचं होतं. खोटं कशाला सांगू, दुसरं मला जास्त हवं होतं.

काय काय मनात यायचं! त्याच्या मिठागराचा बांध फोडून भरती आत घ्यावी. त्याच्या बैलांना काहीतरी खाऊ घालावं. बैलांनी काय केलंय, म्हणून ते सोडलं. रात्रंदिवस डूख धरून बसलेली बाई जेवताना, झाडताना, मीठ ओढताना कशी दिसते मला माहीत नाही, पण यजमान म्हणायचे, "तू आजकाल भाकरी थापत नायस, मारतंस."

आणि माघ आला. पाटलाच्या मुलीचं, जनीचं लग्न निघालं. पाच घरांना बोलावणं. आमच्या घरचा हात वहिनीचा, पण ती आता सवाशीण नव्हती, म्हणून बोलावणं मला आलं. पाटलाचा माणूस माझ्या दारात येऊन उभा राहिला, मान खाली घालून. त्याला वाटलं मी नाही म्हणेन. मी म्हटलं, "येतंय. काडी माजीच आनीन."

अजून मला ती दुपार बोटांत जाणवते. लिंपलेली ओली भिंत, गेरूचा थंड वास, मागे धवलारीण म्हातारी खोकत बसलेली. धवलारीण म्हणजे आमच्या लग्नात विधी सांगणारी आणि गाणी म्हणणारी बाई. आमच्याकडे भटाच्या आधी तिचा मान. चार सवाशिणी चौकाला लागल्या, मी म्हटलं, शिकार माझ्याकडे द्या. त्यांनी सरकून जागा करून दिली. मी धनुष्यवाला काढलाच नाही. डोक्यावर पागोटं असलेला एक माणूस काढला, त्याच्या हातात लांब नळीची बंदूक. गावात पागोटं आणि बंदूक दोन्ही असणारा एकच. समोर हाक्याची रांग काढली, आठ जण. आठवा सगळ्यांत उंच, गळ्यात ढोल, रांगेत उभा. नाकाच्या जागी मी एक ठिपका दिला. आणि बंदुकीची नळी सरळ त्याच्यावर रोखली.

मग धवलारीण मागून म्हणाली, "जनावर राह्यलं गो."

खरंच राहिलं होतं. जनावराशिवाय शिकार काढता येत नाही. मी घाईत होते, पाहुण्यांच्या गाड्या वेशीशी आल्याची हाक आली होती. भिंतीवर मोकळी जागा होती ती दोघांच्या मधेच. मी तिथे डुक्कर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला चांगलं जमलं. पाठ, पोट, सुळा, आणि शेवटी केस. मी स्वतःवर खूश होऊन मागे सरकले आणि म्हातारीने दिवा लावला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! नवऱ्याकडची मंडळी चौक बघायला आत आली. त्यांच्यातला एक पोक्त गृहस्थ भिंतीशी वाकला, कौतुकाने मान डोलावू लागला, आणि मोठ्याने म्हणाला, "वा! पाटील डुकरावर बंदूक रोखून हाकेवाल्याला वाचवतायत. काय धाडस!" सगळ्यांनी वा वा केलं. मी पाटलाकडे पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला होता, तो मी पाहिला, देवाशपथ पाहिला. मग त्याने ते डुक्कर पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या मिशा वर गेल्या. "व्हय," तो म्हणाला, "तो रांग सोडून पलाला, डुक्कर मागं लागला. मी बार काढला, पन उशीर झाला." एवढंच करून तो थांबला नाही. त्याने मला, माझ्या भावाला मारणाऱ्याने, सर्वांदेखत चोळीचा खण दिला. त्या खणाचं मी घरी आणून पोतेरं केलं. वर्षभर त्याने चूल सारवली.

वहिनीला मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, चंदीला मांडीवर थोपटत. मग विचारलं, "डुक्कर कुठं काढलंस?"

"दोघांच्या मधी. जागाच नवती."

तिने थोपटणं थांबवलं. "मधी कनाला काढलंस गो?" एवढंच म्हणाली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते वर्ष मला फार लांब गेलं. भिंत पुसता येत नव्हती, आणि पाटलाला पुसायची नव्हतीच. ओटीवर कोणी आलं की तो त्याला आत नेई, हातातल्या काठीने भिंतीवर दाखवी. हा मी, हा धर्मा, हे डुक्कर. दर वेळी डुक्कर थोडं मोठं व्हायचं आणि पाटील थोडा शूर. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, इथे पाटलाला डुक्कर साक्ष होतं, आणि तो साक्षीदार मी माझ्या हाताने उभा करून दिला होता. कधी कधी मला वाटतं, माणसं भिंतीवर चितारलेलं का मानतात? तोंडाने सांगितलेलं चार जण चार तऱ्हेने ऐकतात. भिंतीवर मात्र समोर असतं तेवढंच खरं, आणि तिथे डुक्कर समोर होतं. येऊरच्या रानातलं खरं डुक्कर त्या दिवशी कधीच निसटून गेलं होतं, कुठेतरी कंद उकरत असेल. माझं डुक्कर मात्र हलायला तयार नव्हतं.

पुढच्या माघात पाटलाच्या मुलाचं लग्न ठरलं. आता भिंत नव्याने लिंपायची. पाटील स्वतः माझ्या दारात आला. ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच बोलला. "चौक नवा काढा. पन शिकार पुसू नका. ती नुसती उजलून दे. कल्यानकडचं व्याही हायेत, त्यांच्यापर्यंत गोष्ट गेलीय. त्यांना बघायची हाय."

मी तोंड उघडलं ते त्याच्या सात पिढ्या उद्धरायलाच. इतक्यात आतून सुपाचा आवाज थांबला. माझ्याकडे तांदूळ पाखडायला आलेली वहिनी दाराआडून म्हणाली, "जाईल ती. मी लिंपायला येतंय."

पाटलाने विचार केला. विधवेने लिंपायला हरकत नव्हती. "बरं," म्हणाला.

तो गेल्यावर मी वहिनीवर तुटून पडले. तुला लाज नाही का, त्याच्या भिंतीला हात लावणार? ती शांतपणे तांदूळ पाखडत राहिली. "माजा हात लाल हाय ना आता," ती म्हणाली. "लालच लावीन."

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गेलो. तिने शेण कालवलं, गेरू कालवला, आणि मधली जागा नव्याने लिंपून काढली. मग शिकारीपाशी आली. फिकट झालेल्या प्रत्येक आकृतीच्या कडेकडेने, बोटाच्या पेराने लाल भरत गेली, पांढऱ्याला जराही धक्का न लावता. वर्षभराने ती भिंतीशी बसली होती. एवढा हात असलेली बाई, आणि तिला फक्त कडा भरायची मुभा. दादूसच्या आकृतीपाशी तिचं बोट थबकलं. नाकावरचा ठिपका तिने पाहिला. मी काडी घेऊन मागोमाग उजळत गेले. पागोटं, बंदूक, आठ माणसं, ढोल. डुकराशी आले तशी ती पुटपुटली, "तेवरं राहू दे." मी ठेवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पाहुणे आले. कल्याणकडचे व्याही, त्यांच्या बायका, आमचा सगळा गाव. कान्हा आणि बाकीचे सहाही होते, पाटलाच्या घरचं कार्य, न येऊन करतात काय! पाटील काठी घेऊन भिंतीपाशी सज्ज. धवलारीण उठली, दिव्यात वात घातली. दिवा लावण्याआधी ती तीनदा विचारते, ही रीत आहे. "चौक पुरा झाला का?"

"झाला," सवाशिणी म्हणाल्या.

"चौक पुरा झाला का?"

"झाला."

"चौक पुरा झाला का? कायी राह्यलं असंल त आता सांगा."

"राह्यलंय," मागून वहिनी म्हणाली.

माणसं बाजूला झाली. ती गेरूचं मडकं घेऊन पुढे आली. पाटलाची बायको किंचाळली, "गो, तू भिंतीला हात लावू नको!" वहिनीने पंजा वर करून दाखवला. मनगटापर्यंत लाल. "लाल हाय," ती म्हणाली. "लालाला कोन अरवतंय?" धवलारीण म्हातारीने एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. "लालाला कोनी अरवत नाय," ती म्हणाली, आणि अडवायला कोणी पुढे आलं नाही.

वहिनीने मडक्यात हात बुडवला आणि डुकरावरून फिरवला. पाठ, पोट, सुळा. केस सगळ्यात शेवटी. तीन-चार फटकाऱ्यांत भिंत तिथे कोरी लाल झाली. ती मागे सरली, आणि म्हातारीने, तिचं भलं होवो, दुसऱ्याच क्षणी दिवा लावला. आता पुसणं नाही आणि घालणं नाही.

व्याही बिचारे भले गृहस्थ. ते वाकून बघत राहिले. "शिकार झाक हाय, पाटील," ते म्हणाले. "पन जनावर कुठं हाय?"

पाटलाची काठी वर उचललेली होती, ती तशीच राहिली.

"बंदूक त मानसावं धरलीय," व्याही म्हणाले. "यो उंच मानूस कोन?"

बाहेर बैल घंटा वाजवत होते तेवढाच आवाज. मग मागच्या रांगेतून कान्हाचा आवाज आला. "धर्मा तो. रांगेन व्हता."

पाटील वळला. कान्हाने मान खाली घातली नाही. त्याच्या शेजारचा म्हणाला, "रांगेनच व्हता." मग तिसरा. मग एकेक करून सातही. मोठ्याने नाही, भांडल्यासारखं नाही, हाक्यात एकमेकांना जागा कळवायला हाळी देतात तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रांगेन व्हता. रांगेन व्हता. आणि पाटलाच्या मिशा खाली आल्या. मला हवं होतं ते तोंड मी डोळे भरून पाहिलं. नंतरचे सगळे विधी त्याला, नवऱ्याचा बाप म्हणून, त्या भिंतीकडे तोंड करून पार पाडावे लागले, तेही मी पाहिले. मी घासभरही जेवले नाही, पण शेवटपर्यंत बसले.

फौजदाराच्या दफ्तरात अजूनही डुक्करच आहे. पाटलाला कोणी काही केलं नाही, कोण करणार? पुढे तो लेकाकडे कल्याणला जाऊन राहिला. लोक मला म्हणतात, झालं गेलं खाडीला मिळालं, आता सोडून दे. मी का सोडू? त्याने कुठे काही सोडलं होतं? पण पाणवठ्यावरची कुजबुज त्या माघापासून बंद झाली, आणि आज चंदी जिथे सून म्हणून जातेय ते घर कान्हाचं. त्याने मुलासाठी मागणी घालताना वहिनीपुढे पागोटं काढून ठेवलं होतं. तिने ते उचलून त्याच्या हातात दिलं. मी दिलं नसतं.

त्या दिवशी पाटलाच्या घरून निघाल्यावर आम्ही दोघी विहिरीवर गेलो. मी पाणी ओतत होते, ती हात चोळत होती. गेरू सहजी निघत नाही, नखांत बसतो. वर्षभर ती रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. दोन पोहरे झाले, तीन झाले, पाणी लाल वाहत होतं.

"मथे," ती खाली बघतच म्हणाली, "डुक्कर बरा काढला व्हतास. पुसायला जीव व्हत नवता."